राणीचा निरोप, मुक्काम डोंबिवली

पाच दिवस डोंबिवलीला जाऊन आले असं मिरजेत शेजारी सांगितलं, तर पहिला प्रश्न आला, "कोणाचं लग्न होतं?" लग्न नव्हतं म्हटल्यावर दुसरा, "मग दवाखाना का?" या दोन कारणांखेरीज माणूस आपणहून डोंबिवलीला जाऊ शकतो, हे आमच्या गल्लीला पटत नाही. मी गेले होते एका लॅटिन महाकाव्यातल्या राणीच्या कामासाठी. पण ते सांगितलं असतं तर दवाखान्याचीच शंका पक्की झाली असती, म्हणून गप्प बसले.

आधी राणीचं सांगते. बत्तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झाले आणि लॅटिन शिकायचं खूळ डोक्यात शिरलं. शिकवायला भेटले डोंबिवलीचे सोवनी सर. सर वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. नवीन झाडाचं वर्णन लॅटिनमध्येच करायचं असा त्या शास्त्राचा जुना दंडक होता. त्यापायी ते ती भाषा शिकले आणि पाना-देठांवरून कवितेपर्यंत पोचले. सहा वर्षं दर मंगळवारी आणि शुक्रवारी आमची शिकवणी फोनवर चालली. आता आम्ही दोघं मिळून त्या महाकाव्याचा एक सर्ग मराठीत आणतो आहोत. त्यातली नावं आपल्या जिभेला अडखळवणारी, म्हणून आमच्या बोलण्यात तो 'नायक' आणि ती 'राणी', एवढंच.

गोष्ट अशी आहे. नायकाचं शहर शत्रूनं जाळलं. म्हाताऱ्या बापाला खांद्यावर घेऊन, पोराचं बोट धरून तो बाहेर पडला. दूरच्या किनाऱ्यावर तो नवं राष्ट्र वसवणार, हे देवांनी आधीच ठरवलेलं. वाटेत वादळानं त्याला एका राणीच्या दारात आणून टाकलं. दोघांचा जीव जडला. मग देवाचा सांगावा आला, की पुरे झालं, निघ. तो गुपचूप गलबतं तयार करायला लागला, राणीला ते कळलं, आणि मग जे भांडण झालं ते वाचून मी दोन रात्री जेवले नव्हते. तो गेला. तिनं स्वतःचा शेवट करून घेतला.

हा नायक मला सहा वर्षं डोळ्यांसमोर नको झाला होता. दैवाचं नाव सांगून निघून जाणारी माणसं मी नात्यात पुष्कळ पाहिली आहेत. त्याचं राणीसमोरचं भाषण काही केल्या माझ्या मराठीत नीट उतरेना. फोनवर वाद वाढला तेव्हा सर म्हणाले, "सुलभाताई, तुम्ही इकडेच या." मी त्यांना तोवर प्रत्यक्ष पाहिलेलंसुद्धा नव्हतं.

मंगळवार, कल्याण

गाडीतल्या घोरण्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. पहाटेचा गारवा असतानाच कल्याणला उतरले. स्टेशनाबाहेर हातात दोन हेल्मेट घेऊन केतकी उभी होती. केतकी ही सरांची एकुलती मुलगी, वय एक्केचाळीस, ठाण्याला बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी. तिची आई जाऊन नऊ वर्षं झाली. फोनवर तिचा आवाज मला "बाबा, फोन नीट धरा" एवढ्यापुरता माहीत होता.

"मावशी, स्कूटरवर बसाल ना? नाहीतर रिक्षा करू."

मी म्हटलं, तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मी मागच्या सीटवर बसते आहे. बसले खरी, पण एका हातात भाषांतराची फाईल, दुसऱ्या हातात भडंगाची दोन किलोची पिशवी. पत्रीपुलाजवळ गाड्या खोळंबल्या होत्या, तिथे केतकीनं ब्रेक दाबला आणि पिशवी फुटली. मिरजेहून जपून आणलेलं भडंग पुलाच्या चढावर पसरलं. मागचा रिक्षावाला मान बाहेर काढून म्हणाला, "मावशी, गावापासून पेरत आलात काय?" केतकीला हसू आवरेना. मलाही आवरेना, पण अर्धा किलोच उरलं होतं, म्हणून मी थोडा वेळ रागावल्यासारखं केलं.

सरांच्या आवाजावरून मी उंच, ताठ माणूस मनात धरला होता. दार उघडल्यावर दिसले ते वॉकर धरून उभे असलेले, माझ्या खांद्याला लागतील एवढे गृहस्थ. दोन वर्षांपूर्वी मांडीचं हाड मोडलं, तेव्हापासून घर आणि गॅलरी एवढाच त्यांचा फेरा. गॅलरीत चाळीसेक कुंड्या, आणि प्रत्येकीत आइस्क्रीमच्या काडीवर लिहिलेलं लॅटिन नाव. तुळससुद्धा सुटलेली नाही. केतकी सकाळी तुळशीला पाणी घालून नमस्कार करते तेव्हा ती काडी तिच्या कपाळाला लागते.

जेवायला वालाचं बिरडं होतं, वरून ओलं खोबरं, आत गूळ. आमच्याकडे कडधान्यात गूळ घालणाऱ्या सुनेबद्दल लोक हळू आवाजात बोलतात. मी दोन घास खाल्ले आणि पिशवीतून कांदा-लसूण मसाल्याची बाटली काढली. सरांनी चिमूटभर घेतला, लाल झाले, पाणी प्याले आणि पुन्हा चिमूटभर घेतला. केतकी म्हणाली, आई गेल्यापासून बाबांनी दुसऱ्यांदा काही मागून घेतलं नव्हतं. ते ऐकून मला फार बरं वाटलं.

बुधवार, डोंबिवली

कामाला बसलो. पहिल्याच पानावर सरांनी पेन्सिल टेकवली. मी सगळीकडे 'ललाटलेख' वापरला होता. नायकाचा ललाटलेख, राणीचा ललाटलेख, नव्या राष्ट्राचाही ललाटलेख.

"यांच्या कपाळावर कोणी लिहिलेलं नाही," सर म्हणाले. "यांचा दैवाला शब्द आहे फातुम. 'बोलणे' या धातूवरून आलेला. म्हणजे काय? बोललेलं. देवानं तोंडानं म्हटलं, ते यांचं नशीब."

"लिहिलं काय आणि बोललं काय, भोगायचं तेच."

"तसं कसं? आपल्याकडे सटवाई कपाळावर लिहिते ते आई-बापालाही वाचता येत नाही. यांचं बोललेलं आहे. म्हणजे कोणीतरी ऐकलंय. या काव्यात माणसं सारखी देवाला विचारत फिरतात की बाबा, नक्की काय म्हणालास, पुन्हा सांग."

मला हे पटलं, पण लगेच पटलं असं दाखवायचं नव्हतं. सतरा ठिकाणी 'ललाटलेख' खोडावं लागणार होतं.

मग आम्ही माझ्या जुन्या तक्रारीकडे वळलो. जर सगळं आधीच ठरलेलं आहे, तर एवढं रडणं, चिडणं, शिव्याशाप कशाला? या काव्यात एक रागावलेली देवी आहे. ठरलेलं आपल्याला बदलता येणार नाही, हे तिला पहिल्यापासून ठाऊक असतं. पण उशीर करता येतो. म्हणून ती वादळं पाठवते, माणसांची मनं बिघडवते, नायकाची वाट लांबवत राहते. बारा सर्ग त्या उशिरावर उभे आहेत. आणि नायक? तो दुःख आत दाबून चेहऱ्यावर धीर आणतो आणि सोबतच्यांना खायला वाढतो. मी म्हटलं, हा दगड आहे.

"दगड नाही," सर म्हणाले. "तो ऐकत नाही, पण आतून हलतो. त्या निरोपाच्या जागी कवी म्हणतो, डोळ्यांतलं पाणी फुकट वाहिलं. कोणाच्या डोळ्यांतलं ते त्यानं सांगितलेलं नाही. माझ्या मते नायकाच्या."

"माझ्या मते राणीच्या. नाहीतर तिची विनवणी घेऊन गेलेल्या बहिणीच्या. ह्याच्या तर नाहीच."

अर्धा तास आम्ही त्या पाण्यावर भांडलो. केतकी प्रयोगशाळेतून आली, हातपाय धुतले, पोळ्यांना बसली, तरी आमचं चालूच. शेवटी ती आतून म्हणाली, "सगळ्यांचंच असेल. भाजी कुठली करू ते सांगा."

संध्याकाळी तिच्यासोबत मंडईत गेले. रामनगरच्या बाजूला ताजे हरभऱ्याचे घाटे आले होते. आमच्याकडे ते शेताच्या बांधावर बसून फुकट खातात, इथे जुडी बांधून विकतात. घाटे निवडता निवडता केतकीनं मला सांगितलं.

नेदरलँड्समधल्या एका बियाण्याच्या प्रयोगशाळेनं तिला बोलावलं आहे. तीन वर्षांचं काम. तिला आयुष्यभर जे करायचं होतं नेमकं तेच. होकार किंवा नकार शनिवारी दुपारी बारापर्यंत कळवायचा.

"सरांना माहितीये?"

"त्यांच्यासमोरच वाचला ना मेल. म्हणाले, 'छान.' आणि पेपर उघडून बसले. तीन आठवडे झाले त्याला. त्यानंतर एक शब्द नाही."

"मग त्यांची सोय कशी करणार?"

"सोय आहे हो. ठाण्याला कुमुदआत्या कधीची बोलावतेय, तिने तर खोलीपण तयार केलीये. सोयीचा प्रश्नच नाहीये, मावशी." तिनं घाट्याची एक डहाळी हातात घेतली आणि तिचं एकेक पान खुडायला लागली. "ते 'जाऊ नको' म्हणाले ना, तरी चालेल मला. राहीन मी, भांडणार नाही. पण काहीतरी म्हणा ना तोंडाने. त्यांनी काही न सांगता मी सोडून गेले असं मला नाही जमणार. दोन वर्षं मी त्यांना अक्षरशः उचलून बाथरूमपर्यंत नेलंय. असं कसं जाऊ?"

भाजीवाली म्हणाली, "ताई, घ्यायचं तर घ्या, पानं नका खुडू." आम्ही दोन जुड्या घेतल्या.

गुरुवार, शहाड

सरांना उल्हास नदी पाहायची होती. तरुणपणी ते विद्यार्थ्यांना घेऊन शहाडच्या पलीकडे काठाकाठानं हिंडायचे. केतकी कामावर गेली होती. खालच्या नाक्यावरचा सुनील नावाचा रिक्षावाला ओळखीचा निघाला. त्यानं सरांना उचलून आत बसवलं, वॉकर मागे कोंबला आणि संथ गाडी चालवायचं कबूल केलं. ते त्यानं पाळलं नाही.

नदीकाठी पोचलो तर पाणी कुठे दिसेना. सगळी जलपर्णी. हिरवीगार, जांभळ्या तुऱ्यांची, दिसायला फार देखणी. सरांनी तिचं लॅटिन नाव सांगितलं आणि त्याचा अर्थही, की जाड पायांची. मी माझ्या सुजलेल्या पावलांकडे पाहिलं आणि पदर ओढून घेतला.

"ब्राझीलहून आली ही," सर म्हणाले. "कोणीतरी फुलं आवडली म्हणून आणली. आता हटायचं नाव घेत नाही."

काठावरच्या कट्ट्यावर आम्ही बसलो. मला राहवलं नाही. मी सरळच विचारलं, "सर, केतकीला काय सांगणार आहात?"

त्यांनी वॉकर जवळ ओढून घेतला. मग म्हणाले, "मी काय सांगणार? तिच्या नशिबात असेल तसं होईल."

मला संताप आला. गुरूवर संतापू नये हे मी मुलींना बत्तीस वर्षं शिकवलं, ते सगळं त्या कट्ट्यावर विसरले. "सर, कालच तुम्ही मला सतरा ठिकाणी खोडायला लावलं. नशीब म्हणजे कोणीतरी बोललेलं. मग बोला ना. त्या देवीला ठाऊक होतं की आपल्या हातात फक्त उशीर करणं आहे. तुम्ही तेच करताय, तेही तोंड मिटून."

सरांचा चेहरा पडला. ते भांडले असते तर बरं झालं असतं. "जाऊ नको म्हणायला मला लाज वाटते," ते हळू म्हणाले. "आणि दुसरं काही म्हणायला गेलो की घशातून आवाज येत नाही. रोज सकाळी ठरवतो. ती चहा घेऊन येते, आणि मी विचारतो, पेपर आला का?"

माझा राग गेला आणि त्यांची फार दया आली. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, तीन भाषांतले शब्द जिभेवर, आणि एक शब्द फुटत नव्हता.

परतताना सुनील बोलका झाला. दिवा स्टेशनजवळ राहतो म्हणाला. "भाडं परवडतं म्हणून राहायचं. पाण्याचं काय विचारू नका. टँकर आला तर आंघोळ, नाय आला तर पावडर." गाव कुठलं विचारलं तर म्हणाला, "गुहागरच्या अलीकडे. बावीस वर्षं झाली. खरं तर मी पंधरा दिवसांसाठी आलेलो, चुलतभावाकडे. आईला म्हटलेलं, येतो गं."

"मग जात नाहीस का रे गावाला?"

"जातो ना, गणपतीत जातो, शिमग्याला जातो. पण ती अजून ऐकवते, तू येतो म्हणून गेलेलास. ती ज्याला येणं म्हणते ना मावशी, ते काय आपलं अजून झालं नाय."

सर शेजारी डोळे मिटून बसले होते. झोपले असावेत असं मला वाटलं.

दुपारी आम्ही नायकाच्या भाषणाच्या शेवटापर्यंत आलो. तो राणीला सगळं सांगतो, की मी माझ्या मनानं निघालेलो नाही, मला निघावंच लागतंय. सर माझं मराठी मोठ्यानं वाचत होते. वाचता वाचता थांबले, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

"हे काय लिहिलंत? 'येतो'?"

मी कागद ओढून पाहिला. खरंच, भाषण संपल्यावर नायकाच्या तोंडी मी 'येतो' घातलं होतं. मूळ काव्यात असला शब्दच नाही. सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. "अहो, गलबतं तयार आहेत त्याची. हा कसला येतोय परत?"

मी कानकोंडी झाले. "सवय, सर. बोलून झाल्यावर माणूस दारातून तसाच वळला, हे हाताला बरं वाटेना. आणि 'जातो' लिहवेना. आमच्याकडे कोणी 'जाते' म्हणालं की आई परत आत बोलवायची, पाटावर बसवून पाणी द्यायची आणि मग 'येते' म्हणवून घेऊन सोडायची. वास्तू तथास्तु म्हणते ना."

"आमच्याकडेही तेच. घरात अभद्र बोलायचं नाही, वास्तू तथास्तु म्हणते." सर हसायचे थांबले. त्यांनी पेन्सिलीचं टोक त्या शब्दावर टेकवलं. "म्हणजे सुलभाताई, आपण उगाच लिहिलेलं लिहिलेलं करत होतो. आपल्याकडेसुद्धा बोललेलंच लागतं."

केतकी त्या दिवशी लवकर आली होती. चहाचे कप घेऊन ती कधी येऊन उभी राहिली ते आम्हाला कळलं नाही. सरांनी 'येतो' खोडलं. पेन्सिल एवढी जोरात ओढली, की शेजारचा शब्दही गेला. मी विचारलं, आता तिथे काय घालू? ते म्हणाले, "काही नको. गप्प जाऊ दे त्याला."

"राणीचं भांडणच ते आहे," मी म्हटलं. "गप्प निघाला म्हणून तर ती एवढी पेटली."

केतकीनं कप टेबलावर ठेवले. "गप्प गेलेलं चालत नाही," ती म्हणाली, "गप्प बसलेलं चालतं वाटतं." आणि आत निघून गेली. सरांनी त्या दिवशीचा चहा घेतला नाही.

शुक्रवार, ठाणे

केतकीनं रजा टाकली आणि मला ठाणं दाखवायला नेलं. खाडीपुलावरून जाताना कळव्याकडच्या बाजूला तिनं तिवरं दाखवली. चिखलात उभी राहून मीठ गिळणारी झाडं. लहानपणी सर तिला खांद्यावर बसवून तिथे न्यायचे, ती वरून मोठ्या माणसासारखी लॅटिन नावं म्हणायची आणि कोळणी हसायच्या.

कुमुदआत्यांचं घर तळमजल्यावर आहे. सरांसाठीची खोली त्यांनी मला उघडून दाखवली. नवा रंग, खिडकीपाशी पलंग, मोरीत भिंतीला धरायला दांडी. मागच्या अंगणात कुंड्यांसाठी तीन पायऱ्यांची लोखंडी घडवंची करून ठेवली होती. "दादानं नुसतं हो म्हणावं," त्या म्हणाल्या. त्यांनी आम्हाला सांदण आणि नारळाचं दूध वाढलं. मी तीन खाल्ली. गोडाबद्दलची माझी तक्रार मी त्या दिवशी मागे घेतली.

तिथून निघून आम्ही तलावपाळीला कठड्यावर बसलो. पाण्यात पायांनी चालवायच्या होड्या फिरत होत्या. केतकीनं मोबाईल काढून माझ्यापुढे धरला. नकाराचं पत्र लिहून तयार होतं, फक्त पाठवायचं बाकी. इंग्रजी फार सभ्य होतं. घरच्या कारणास्तव शक्य नाही, संधीबद्दल आभारी आहे.

"उद्या बाराच्या आत पाठवून टाकते."

"थांब गं. मी आज सरांशी पुन्हा बोलते."

"नाही." ती माझ्याकडे वळली. डोळे भरले होते, आवाज मात्र कडक. "मावशी, तुमची शपथ आहे, काही बोलू नका. तुम्ही बोललात आणि ते हो म्हणाले, तर ते तुमचं हो होईल. ते घेऊन मी तिकडे कशी राहू? मला त्यांचं पाहिजे."

मला बोलायची खाज आहे, हे मला ओळखणारे सगळे जाणतात. पण तिनं शपथ घातली होती. त्या संध्याकाळी मी सरांसमोर बसून राणीच्या शापाच्या ओळी साफ केल्या आणि ओठ घट्ट मिटून ठेवले. कधी नव्हे ती माझी चूक निघाली नाही, कारण सर वाचतच नव्हते.

मध्येच त्यांनी विचारलं, "कुमुदनं रंग कुठला दिलाय?"

"फिका हिरवा."

"हं." दोन ओळी झाल्यावर, "अंगणात ऊन येतं?"

"सकाळचं येतं."

 केतकीनं जेवणाची पानं मांडली आणि आम्ही तिघं जेवलो. बिरडंच होतं. मसाल्याची बाटली सरांनी उघडली नाही.

शनिवार, डोंबिवली

माझी गाडी सकाळची होती. केतकीनं मला डबा बांधून दिला, सरांचा डबा ओट्यावर झाकून ठेवला. मोबाईल तिच्या हातातून सुटत नव्हता. मी सरांना वाकून नमस्कार केला. ते म्हणाले, मंगळवारी फोन करा, शापाच्या ओळींपासून सुरू करू. मी म्हटलं, "येते, सर." ते म्हणाले, "या." एवढं बोलून आम्ही दोघंही एकमेकांकडे पाहायचं टाळलं. निघताना मला रडू येत होतं, आणि ते निरोपाचं नव्हतं. या घरात बारा वाजता काय होणार ते मला ठाऊक होतं, आणि मी पत्रीपुलाच्याही पुढे निघून गेलेली असणार होते.

केतकीनं हेल्मेट चढवलं, चावी घेतली. "बाबा, मावशींना गाडीत बसवून येते."

रोजचं उत्तर 'ये' असं होतं. ते आलं नाही. सर खुर्चीतून उठायला लागले. पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदाही नाही. आम्ही दोघी धावलो तर त्यांनी हात वर करून थांबवलं. तिसऱ्यांदा उठले आणि वॉकर टेकत टेकत खोलीच्या मधोमध येऊन उभे राहिले.

"केतू, जा."

"हो, निघालेच. वेळ आहे अजून गाडीला."

"गाडीचं नाही म्हणत मी. तिकडे जा. नेदरलँड्सला. मी कुमुदकडे राहीन. कुंड्या पण नेईन."

 केतकी बूट ठेवायच्या खोक्यावर बसली. हेल्मेट डोक्यावरच होतं, त्यामुळे तिचा चेहरा मला दिसला नाही, फक्त खांदे हलताना दिसले. मी माझी पिशवी खाली ठेवली. गाडीचं आता काय व्हायचं ते होवो असं वाटलं.

मग हेल्मेटच्या आतून आवाज आला. "बाबा, घरात असं म्हणतात का कधी? निदान 'जाऊन ये' म्हणा."

"ते विमानाच्या वेळेला म्हणेन. आत्ता 'ये' म्हटलं, तर तू तिथे पोचल्या दिवसापासून परतीच्या तारखा बघत बसशील. तुला मी ओळखत नाही का?" त्यांचा आवाज फाटला. त्यांनी वॉकरची पकड नीट केली. "आणि घरातच म्हणायचं होतं मला. वास्तूला ऐकू गेलं पाहिजे."

मग त्यांनी मान वर केली, छताकडे पाहिलं, आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचावं एवढ्या खणखणीत आवाजात पुन्हा म्हणाले, "जा."